सताड उघडी परवानगी

घरात माझं नाव सताड. खरं नाव वेगळं आहे, पण ते कागदोपत्री. कपाट उघडलं की उघडंच, डबा काढला की झाकण दुसऱ्या खोलीत, आणि दार म्हणाल तर वाऱ्याने लागलं तर लागलं. आई ओरडून ओरडून थकली. बाबा कधी ओरडले नाहीत. त्यांनी नुसतं नाव ठेवलं, दोन्ही अर्थांनी.

बाबा घड्याळजी. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून त्यांनी लोकांची घड्याळं उघडली आणि, माझ्यासारखं न करता, परत बंदही केली. सात वर्षांपूर्वी त्यांची नजर गेली. आधी कडेची, मग मधली. त्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यात मी स्वयंपाकघरातलं भिंतीवरचं कपाट उघडं टाकलं आणि त्याच्या दाराचा कोपरा त्यांच्या कपाळात बसला. चार टाके पडले. दवाखान्यातून येताना मी गाडीत रडत होते आणि तेच माझी समजूत काढत होते. "अगं, ती बिजागरी कुरकुरते हे माहीत होतं मला. कुरकुरली तेव्हा माझंच लक्ष नव्हतं." हे ऐकून मी आणखी जोरात रडले.

त्या दिवसापासून आमच्या घरात एकही दार अर्धवट उघडं राहिलेलं नाही. आता घरात आम्ही दोघंच. दार एकतर भिंतीला टेकलेलं, नाहीतर बंद. दुसऱ्यांकडे गेले तरी मी त्यांचे ड्रॉवर ढकलून येते. लोकांना वाटतं, बाई काय टापटिपीची आहे! बाबा तेवढे मिशीत हसतात.

मी ज्या कंपनीत आहे ती पुस्तकं वाचून दाखवणारी मशीनं बनवते. ज्यांना दिसत नाही, किंवा दिसतं पण वाचवत नाही, अशांसाठी. आवाज, पुस्तकांची यादी, बटणं हे सगळं इतर लोक बघतात. मी बघते ते सगळ्यात तळाचं. मशीन चालू केलं की सगळ्यांच्या आधी उठतं आणि सगळ्यांच्या नंतर झोपतं ते. त्याला कर्नेल म्हणतात. हे मी शेजारच्या वकीलकाकूंना एकदा सविस्तर समजावून सांगितलं होतं. तेव्हापासून त्या मला भेटल्या की विचारतात, "काय गं, तुझे कर्नलसाहेब काय म्हणतायत? अजून रिटायर नाही झाले?" मी सुरुवातीला चिडायचे. मग सोडून दिलं. हल्ली मी म्हणते, "बरे आहेत, थोडा गुडघा दुखतो."

तर एका सोमवारी आमच्या मॅडमनी बैठक घेतली. मॅडम म्हणजे कंपनीच्या प्रमुख. चांगल्या आहेत, घाईत असतात. त्या म्हणाल्या, "जुन्या सात बटणांच्या मशीनबद्दल तक्रारींचा ढीग झालाय. सात महिने तेच. अचानक बंद पडतं, अचानक बंद पडतं. चारशे बारा मशीनं अजून लोकांच्या घरात आहेत. म्हातारी झालीत ती. सगळी परत मागवू आणि प्रत्येकाला नवीन मशीन फुकट देऊ. शुक्रवारी शेवटचा निर्णय. कोणाला काही म्हणायचंय?"

कोणाला काही म्हणायचं नव्हतं. खोटं कशाला बोलू, मीही मान डोलावली. बॅटऱ्या गेल्या असतील, असं सगळेच म्हणत होते. आणि नवीन मशीन खरंच देखणं आहे: हातात मावेल एवढं, पातळ, समोर नुसती काच.

घरी येऊन मी बाबांना ही गोड बातमी दिली. त्यांच्याकडे जुनं मशीन आहे. सातबटणी म्हणतात ते त्याला, आणि घड्याळासारखं रोज पुसतात.

"नवीन येणार? वा," ते म्हणाले. "बटणं किती?"

"बटणं नाहीत, बाबा. सगळं काचेवर. बोट फिरवायचं."

सातबटणीवरून त्यांनी अंगठा फिरवला. एक ते सात, प्रत्येक बटणाचा उंचवटा निराळा.

"जन्मभर काचेतून बघितलं," शेवटी ते म्हणाले, "आता काचेवर चाचपडू होय? राहू दे. हे पुस्तक झालं की बास. तसंही पुष्कळ ऐकून झालंय."

हे त्यांनी अगदी सहज म्हटलं, आणि मला ते पहिलं वर्ष आठवलं. नजर गेल्यावर पहिलं वर्षभर बाबा जवळजवळ बोललेच नव्हते. खुर्ची, खिडकी, जेवण, झोप. मग मी हे मशीन आणलं. पहिल्या पुस्तकाच्या तिसऱ्या प्रकरणात ते लेखकाशी मोठमोठ्याने भांडायला लागले, आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून पोटभर हसले. मला माझे बाबा या मशीनने परत दिले होते. आणि ते घरोघरून गोळा करून आणायचं ठरत होतं तेव्हा मी मान डोलावली होती.

मला राग आला की मी समोर असेल त्याच्यावर काढते. समोर बाबा होते.

"पण सात महिने ते बंद पडतंय तर तुम्ही मला सांगितलं का नाहीत? मी हेच काम करते ना? जगाच्या तक्रारी कंपनीत येतात, आणि माझ्या घरातल्या माणसाची नाही!"

"तू विचारलंस कधी?"

"रोज विचारते, चालतंय ना म्हणून!"

"मग चालतंच की. बंद पडतं, पुन्हा सुरू होतं, पुन्हा चालतं. तू विचारलंस चालतंय ना, मी म्हटलं चालतंय. बंद केव्हा पडतं, असं कुठे विचारलंस?"

मी कपाळावर हात मारला. "बरं, केव्हा बंद पडतं?"

आणि बाबा खुर्चीत सरळ बसले. दुकानात कोणी बिघडलेलं घड्याळ टेबलावर ठेवलं की ते असेच बसायचे.

"प्रकरण संपायला दोन-तीन वाक्यं राहिली की," ते म्हणाले. "बारीक टक असा आवाज येतो, मग शांत. मग ते म्हणतं, 'मशीन सुरू होत आहे,' आणि पुन्हा प्रकरणाच्या सुरुवातीला जातं. मी चार नंबरचं बटण दाबून पुढच्या प्रकरणावर उडी मारतो. या पुस्तकात अठरा प्रकरणं आहेत. सतरा झाली. पंधरा वेळा बंद पडलं. चौथ्याला आणि अकराव्याला नाही पडलं. ती दोन नीट शेवटपर्यंत ऐकली."

साठ-सत्तर तक्रारी आल्या होत्या कंपनीत, आणि प्रत्येकीत एकच शब्द होता: अचानक.

"आणि आधीची पुस्तकं?"

"पाच झाली सात महिन्यांत. एकाचाही शेवट ऐकलेला नाही. माझा मीच लावतो. दोन तर लेखकापेक्षा बरे जमले असतील." मग त्यांचा चेहरा पडला. "पण हे पडलं रहस्याचं पुस्तक. दिव्यांच्या कारखान्याचा मालक बंद खोलीत मेलाय. मला डॉक्टरचा संशय आहे, पहिल्या पानापासून गोड बोलतोय मेला. पण माझा संशय हा काही शेवट नव्हे. म्हणून अठरावं लावलंच नाही मी. तीन आठवडे झाले."

हे वकीलकाकूंना माहीत होतं. त्यांनी ते पुस्तक पूर्वी कागदावर वाचलं होतं आणि खुनी कोण ते त्यांच्या जिभेच्या टोकावर होतं. तीन आठवडे त्या रोज संध्याकाळी येऊन म्हणत होत्या, "नाव नाही सांगत, नुसतं पहिलं अक्षर सांगते." आणि बाबा कानांवर हात ठेवून त्यांना घालवून देत होते.

मंगळवारी मी ऑफिसात गेले ती थेट शंकाताईच्या टेबलाशी. शंकाताई आमच्याकडे तपासणी करते. आम्ही बनवायचं आणि तिने शंका काढायच्या, म्हणून हे नाव, आणि तिला ते आवडतं. मी तिला बाबांचा हिशोब ऐकवला: पंधरा वेळा बंद, चौथं आणि अकरावं ठीक.

"घड्याळजींना आपल्याकडे नोकरीला घे," ती म्हणाली. तिने त्या पुस्तकाच्या अठराही फाइली काढल्या. प्रकरणाला एक फाइल. आम्ही दोघींनी त्यांची लांबी बघितली. मोठमोठे आकडे. मी शेवटचे तीन अंक कागदावर उतरवत गेले. पहिलं प्रकरण ५७१. दुसरं ३३९. तिसरं ८०५. चौथं ५६८.

"पाचशे अडुसष्टला आठने भाग जातो, म्हणजे अख्ख्या आकड्यालाही जातो," मी म्हटलं.

"अकराव्याचे एकशे चार," शंकाताई म्हणाली. "त्यालाही जातो."

बाकीच्या एकालाही जात नव्हता. आम्ही एकमेकींकडे बघितलं, आणि वयाची पन्नाशी ओलांडलेल्या दोन बायकांनी ऑफिसात टाळ्या दिल्या.

आता हे आठचं प्रकरण थोडं सांगायला हवं. पुस्तकाची फाइल वाचताना ती खराब तर झाली नाही ना, हे कर्नेल तपासत जातं. त्यासाठी तिच्यातल्या सगळ्या अक्षरांचा मिळून एक पडताळा काढायचा असतो. जुन्या प्रोसेसरला हे काम एक-एक बाईट, म्हणजे अक्षराएवढा तुकडा, घेऊन हळूहळू करावं लागतं. नवीन प्रोसेसरला त्यासाठी खास वाढीव सूचना शिकवलेल्या आहेत. तो एका घासात आठ बाईट घेतो. आमचं कर्नेल दोन्ही मशीनांत एकच जातं. म्हणून सुरू होताना ते प्रोसेसरला विचारतं, बाबा रे, तुला वाढीव सूचना येतात का? येत असतील तर नवी वाट, नसतील तर जुनी. जुन्या प्रोसेसरला चुकूनही वाढीव सूचना दिली तर त्याला ती कळत नाही, आणि तो तिथल्या तिथे बसकण मारतो.

जुनी वाटही एक-एक करत आठ-आठचेच गट पुरे करते, म्हणून दोन्ही वाटांनी शेवटी एक ते सात बाईट उरतात. आठने भाग गेला तर काहीच उरत नाही. म्हणजे गोंधळ होता तो या उरलेल्यांत. आणि ते उरतात फाइलीच्या शेवटाला, प्रकरणाच्या शेवटच्या दोन-तीन वाक्यांत.

"पण मग आपल्या तपासणीत हे कसं सापडलं नाही?" मी विचारलं.

शंकाताईचा चेहरा बघण्यासारखा झाला. तिने आपल्या तपासणीच्या फाइलींची यादी उघडली. सगळ्या गोल आकड्यांच्या. एक एमबी, पाच एमबी, दहा एमबी. प्रत्येकीला आठने भाग जात होता.

"खरी पुस्तकं अशी गोल कुठे असतात," ती पुटपुटली. "मी एवढ्या शंका काढते, आणि ही नाही सुचली."

मग मी कर्नेलमधली या पडताळ्याची, असेम्ब्लीत लिहिलेली फाइल उघडली. असेम्ब्ली म्हणजे प्रोसेसरला थेट त्याच्या भाषेत, एक-एक सूचना लिहून देणं. आपण लिहिलेलं त्याच्या आकड्यांत बसवून देतो तो असेम्ब्लर, आणि तो फार संशयी कारकून असतो. वाढीव सूचना दिसली की तो काम अडवतो: ही सगळ्या प्रोसेसरांना येत नाही, तुम्ही जाणूनबुजून वापरताय का? तसं एका ओळीत लेखी द्यावं लागतं. त्या ओळीला आम्ही परवानगी म्हणतो. परवानगी दिली की तो गप्प. पण एक मेख आहे. परवानगी काढून घेतल्याची ओळ लिहिली नाही, तर ती फाइल संपेपर्यंत चालू राहते, आणि कारकून पुढे कशालाही अडवत नाही.

इथे परवानगी होती चौथ्या ओळीवर. काढून घेतल्याची ओळ कुठेच नव्हती. आणि पार खाली, दोन्ही वाटा जिथे येऊन मिळतात तिथे, उरलेले बाईट मोजण्याचा एक सामाईक तुकडा होता. त्यात तीन वाढीव सूचना होत्या. नव्या वाटेने या नाहीतर जुन्या वाटेने, शेवटी काही उरलं की सगळ्यांना त्या तुकड्यातूनच जायचं होतं. जुनं मशीन आपल्या वाटेने इमानदारीत चालत यायचं आणि दाराशी येऊन कपाळमोक्ष करून घ्यायचं.

माझं डोकं फिरलं. "कोण हा अर्धवट?" मी ओरडले. "परवानगी उघडी टाकून गेलाय! फाइलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत! याला आधी माझ्यासमोर आणा. लोकांचे शेवट खाल्लेत यानं!"

अख्खा मजला वळून बघायला लागला. शंकाताई शांतपणे त्या फाइलीचा इतिहास उघडत होती. कोणती ओळ कोणी, केव्हा लिहिली, हे त्यात असतं. तिने तो बघितला आणि पडदा माझ्याकडे वळवला.

परवानगीची ओळ, तीन वर्षांपूर्वी: मी. दोन तुकड्यांचा एक सामाईक तुकडा करणं, आठ महिन्यांपूर्वी: मी. शेजारी माझाच शेरा होता, 'किरकोळ साफसफाई, कामात काही फरक नाही.'

"आणलं समोर," शंकाताई म्हणाली.

माझे कान लाल झाले. एवढ्या मोठ्याने हसली ती, की मलाही शेवटी हसावं लागलं. पण ते हसू फार टिकलं नाही. घरातली झाडून सगळी दारं मी सात वर्षं लावत होते, आणि इथे मी एक सताड उघडं टाकलं होतं.

त्या संध्याकाळी मी बाबांच्या समोर जाऊन बसले आणि सगळं सांगून टाकलं. घरात मला खोटं बोलता येत नाही. बाबांना आवाजावरून कळतं. वाढीव सूचना, संशयी कारकून, परवानगी, सामाईक तुकडा, सगळं. ते मन लावून ऐकत होते. मी थांबल्यावर त्यांनी कपाळावरच्या जुन्या खुणेवर बोट ठेवलं.

"म्हणजे परत कपाटच का?" ते म्हणाले.

"हो, बाबा."

"सात महिने? प्रत्येक प्रकरणाला?"

"हो."

आणि ते हसायला लागले. असे हसले की चष्मा नसतानाही चष्मा काढून डोळे पुसावेत तसे त्यांनी डोळे पुसले. "अगं सताडे," ते म्हणाले, "अगं, गावोगावच्या म्हाताऱ्यांना टेंगळं आणलीस तू!" मला रडू फुटणार होतं, पण त्यांच्या हसण्यापुढे त्याचा निभाव लागला नाही. आवाज ऐकून वकीलकाकू आल्या आणि काय झालं म्हणाल्या. बाबा म्हणाले, "काही नाही, हिच्या कर्नलसाहेबांनी दार उघडं ठेवलं होतं."

बुधवारी सकाळी मी चौथ्या ओळीवरची परवानगी उडवून टाकली. नव्या वाटेवर, वाढीव सूचनांच्या अगदी वर एक ओळ लिहिली, परवानगी, आणि अगदी खाली दुसरी ओळ, परवानगी परत. बाकी काहीही न बदलता फाइल असेम्ब्लरकडे दिली. कारकून लगेच खेकसला, तीन ओळींवर. सामाईक तुकड्यातल्या त्याच तीन. आयुष्यात पहिल्यांदा चूक दाखवल्याबद्दल मला कोणाचे पाय धरावेसे वाटले.

मग मी तुकडा पुन्हा वेगळा केला. जुन्या वाटेचे उरलेले बाईट जुन्या रीतीने, नव्याचे नव्या रीतीने. जेमतेम वीस ओळींचं काम. तेवढ्यावर थांबले नाही, कर्नेलमधल्या बाकीच्या सगळ्या असेम्ब्ली फाइली तपासल्या. अशा उघड्या टाकलेल्या आणखी अकरा परवानग्या सापडल्या. नऊ माझ्याच. सगळ्या लावून घेतल्या. बदलाच्या शेऱ्यात मी लिहिलं, 'दारं लावली,' आणि खाली खरं कारण, सविस्तर, माझ्या नावासकट.

गुरुवारी शंकाताईने सूड उगवला. एक बाईट उरेल अशी फाइल, दोन उरतील अशी, सातपर्यंत, शिवाय रिकामी फाइल, शिवाय एका बाईटची फाइल. जुन्या मशीनवर दिवसभर ती एकामागून एक लावत होती. एकही बंद पडलं नाही. मी मॅडमना तसं कळवलं. त्यांचं उत्तर आलं: छान. पण नवीन मशीन त्यापेक्षा चांगलं आहेच ना? उद्या अकराला बोलू.

संध्याकाळी मी नवं कर्नेल बाबांच्या सातबटणीत घातलं. म्हटलं, "ऐका आता अठरावं."

"आत्ता नाही," ते म्हणाले. "उद्या तुझ्या मॅडमसमोर. बंद पडायचं असेल तर सगळ्यांच्या देखत पडू दे."

"बाबा, माझी नोकरी आहे ती!"

"माझं पुस्तक आहे ते."

शुक्रवारी वकीलकाकूंनी आम्हाला त्यांच्या गाडीतून नेलं. मी नको म्हटलं होतं. "डॉक्टर की कोण, ते यांना कळतं तेव्हा मी तिथे हवी," त्या म्हणाल्या. शिवाय ऑफिसात पाय ठेवल्या ठेवल्या त्यांनी दाराशी बसलेल्या मुलीला विचारलं, "कर्नलसाहेब कुठे बसतात?" ती बिचारी सगळी यादी धुंडाळत बसली.

बैठकीच्या खोलीत बाबांनी सातबटणी टेबलावर ठेवली. मॅडमनी घड्याळाकडे बघितलं. "आजोबा, शेवटची दोन मिनिटंच लावूया का?"

"मधूनच?" बाबा म्हणाले. "मग खून कोणी केला ते कळेल, पण का केला ते राहील. बावीस मिनिटांचं आहे, बसा."

आणि मॅडम चक्क बसल्या. मी त्यांना ओळखते, त्या कोणासाठी बावीस मिनिटं बसत नाहीत.

प्रकरण सुरू झालं. कारखान्यात सगळ्यांना एकत्र बोलावलंय, डॉक्टर घाम पुसतोय, इन्स्पेक्टर एकेकाला प्रश्न विचारतोय. पाचव्या मिनिटाला मॅडमचा फोन वाजला, त्यांनी तो उलटा ठेवला. दहाव्या मिनिटाला दारात बाहेरचे तिघं येऊन उभे राहिले. पंधराव्याला मॅडम म्हणाल्या, "डॉक्टरच असणार," आणि बाबांनी त्यांच्या दिशेने प्रसन्न मान डोलावली. वकीलकाकू ओठ घट्ट मिटून छताकडे बघत होत्या.

डॉक्टर नव्हता. खून केला होता मालकाच्या वकिलाने.

"वकील!" बाबा ओरडले. "काकू!"

"म्हणून तर तीन आठवडे मी नुसती तडफडत होते," वकीलकाकू म्हणाल्या. "आमच्या धंद्याची अब्रू गेली हो!"

खोलीत हशा पिकला. मी हसले नाही. माझं लक्ष पुढे होतं. प्रकरणाचा शेवट जवळ येत होता, आणि या फाइलीच्या शेवटचे तीन अंक होते ६१३. आठ-आठचे घास घेतले की पाच बाईट उरतात. बाबांनाही कळलं असावं. त्यांनी तर्जनी टेबलावर ठेवली आणि हळूहळू ठेका धरला. शंकाताईने माझा हात इतका दाबला की बोटं पांढरी पडली.

टक आला नाही.

"इन्स्पेक्टरने टोपी उचलली," मशीन वाचत होतं, "दिवा मालवला, आणि जाताना दार ओढून घेतलं."

"बघ," बाबा माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "त्यालासुद्धा जमतं."

तेव्हा मात्र मी हसले, रडले, दोन्ही केलं, आणि उभी राहून सगळ्यांसमोर सांगितलं की मशीनं म्हातारी झालेली नाहीत, चूक माझी होती, आठ महिन्यांपूर्वीची, आणि तिच्यासाठी चारशे बारा घरांतली बटणं काढून घेऊ नका. जरा जास्तच मोठ्याने बोलले मी. मॅडमनी नवीन मशीन हातात घेतलं, डोळे मिटले आणि काचेवर बोट फिरवून पुढचं प्रकरण लावायचा प्रयत्न केला. आवाज वाढला. पुन्हा फिरवलं. मशीन बंद झालं. मग त्यांनी डोळे न उघडताच हात पुढे केला. बाबांनी सातबटणी त्यांच्या हाताखाली सरकवली आणि त्यांचं बोट धरून चौथ्या उंचवट्यावर ठेवलं.

"अच्छा," मॅडम म्हणाल्या. डोळे उघडल्यावर म्हणाल्या, "ज्यांना नवीन हवं त्यांना नवीन. बाकीची जुनी जिथल्या तिथे राहू देत. दुरुस्ती आजच्या आज सगळ्यांना पाठवा."

सातबटणी अजून टेबलावर वाट बघत होती. सगळे उठायला लागले तेव्हा ती पुन्हा बोलली. ते वाक्य बरीच वर्षं प्रत्येक जुन्या मशीनमध्ये होतं, आणि गेले सात महिने ते लोकांच्या घरात क्वचितच ऐकू आलं असेल. "पुस्तक संपलं. दुसरं हवं असल्यास पाच दाबा."

बाबांचं बोट पाचवर होतं, पण त्यांनी दाबलं नाही. हे पुस्तक झालं की बास, असं ते म्हणाले होते.

"काकू," ते म्हणाले, "तुम्ही न वाचलेलं एखादं सांगा बरं. लांबलचक. भरपूर प्रकरणांचं."

वकीलकाकू विचारात पडल्या. बाबांना तेवढा धीर कुठला. त्यांनी पाच दाबलं.